कंटेनरचे उसने पहारेकरी

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, ‘कंटेनर’ नावाची वस्तूच नाही. कर्नलला दिसते ती एक साधी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम. नेमस्पेसने तिच्या नजरेचा पल्ला आखडलेला असतो, सीग्रुपने मेमरी आणि सीपीयूचा वाटा बांधून दिलेला असतो, बस्स. शेजारच्या कंटेनरचा कर्नल तोच, आणि होस्टचा, म्हणजे हे सगळं ज्या मशीनवर चालतं त्याचाही तोच. त्यामुळे चालत्या कंटेनरवर पहारा कोणाचा बसवायचा, याचं सरळ उत्तर कधीच नव्हतं. सेककॉम्प, ॲपआर्मर, एसईलिनक्स, जीव्हायझर, काटा, फाल्को ही आज तुलनेच्या तक्त्यांत शेजारी शेजारी बसणारी नावं. त्यातली निम्मी, कंटेनर लोकप्रिय करणाऱ्या डॉकरच्या जन्माआधीची आहेत आणि भलत्याच कामासाठी घडवलेली आहेत.

सुरुवात सहसा १९७९च्या सातव्या युनिक्समधल्या सीएचरूटपासून सांगतात. पण सीएचरूट हा प्रोसेसला मूळ डिरेक्टरी बदलून देणारा सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे करायची मागणी. रूटचे, म्हणजे सर्वोच्च अधिकार असलेल्याला त्यातून बाहेर पडायला फार अक्कल लागत नाही. खऱ्या अर्थाने कोंडून ठेवणारी पहिली गाजलेली सोय म्हणजे मार्च २०००मधल्या फ्रीबीएसडी ४.० ची जेल. पॉल-हेनिंग कॅम्प आणि रॉबर्ट वॉटसन यांनी ती एकसंध कल्पना म्हणून मांडली होती. लिनक्सने मात्र तुकडे जमवले. माउंट नेमस्पेस २००२मध्ये आली, गूगलच्या अभियंत्यांनी सुरू केलेलं सीग्रुपचं काम २००८मध्ये कर्नलमध्ये शिरलं, यूजर नेमस्पेस पुरी व्हायला २०१३ उजाडलं. सगळे तुकडे जोडल्यावर जे दिसतं त्याला आपण कंटेनर म्हणतो. पुढची बरीचशी दुखणी या जोडकामातूनच आली, असं माझं मत आहे.

पहारेकऱ्यांचंही तसंच. सेककॉम्प २००५मध्ये आंद्रेआ आर्कांजेली यांनी आणलं. कल्पना अशी की, रिकामा पडलेला सीपीयू अनोळखी लोकांना भाड्याने द्यायचा, आणि त्यांच्या प्रोग्रॅमला वाचणं, लिहिणं, बाहेर पडणं आणि सिग्नलवरून परतणं या चार कॉलपलीकडे काही करू द्यायचं नाही. भाड्याचा तो व्यवसाय काही फोफावला नाही. २०१२मध्ये, कर्नल ३.५ मध्ये, विल ड्रूरी यांनी त्याला बीपीएफचा (कर्नलमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) फिल्टर जोडला, तोही क्रोम ब्राउझरच्या सँडबॉक्सवर डोळा ठेवून. एसईलिनक्स तर अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचं अपत्य. २०००च्या अखेरीस खुलं झालं आणि २००३मध्ये मुख्य कर्नलमध्ये आलं. ते फाइलींवर आणि प्रोसेसवर लेबलं चिकटवून निर्णय घेतं. इम्युनिक्समध्ये जन्मलेलं आणि नोव्हेलकडे वाढलेलं ॲपआर्मर फाइलीचा पाथ पाहतं. मुख्य कर्नलमध्ये यायला त्याला २०१० उजाडलं. या दोघांत ‘निवड’ करण्यावर लेखच्या लेख पडलेत, पण प्रत्यक्षात ती निवड बहुतेकांनी नकळत उरकलेली असते: नोडवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या मशीनवर, उबुंटू टाकलं की ॲपआर्मर, रेड हॅटच्या घराण्यातलं काही टाकलं की एसईलिनक्स.

मार्च २०१३मध्ये डॉकर आलं आणि हे सगळे उसने पहारेकरी एका दारावर उभे राहिले. कोणाला काय काम, हे ठरायचं होतं. ते किती महत्त्वाचं हे दाखवलं २०१४च्या जूनमधल्या ‘शॉकर’ नावाच्या हल्ल्याच्या नमुन्याने. ०.१२ आवृत्तीच्या आधीचं डॉकर रूटच्या अधिकारांतून धोकादायक वाटतील तेवढे काढून टाकायचं आणि उरलेले राहू द्यायचं. उरलेल्यांत एक अधिकार असा होता की, फाइलीचा पाथ न सांगता नुसत्या हँडलवरून ती उघडता यावी. ईएक्सटी४सारख्या फाइल सिस्टीमवर मूळ डिरेक्टरीचा आयनोड, म्हणजे अंतर्गत नोंदीचा, क्रमांक २ असतो. कंटेनरमध्ये होस्टवरून माउंट झालेली एखादी किरकोळ फाइल पकडायची, तिच्या आधाराने क्रमांक २चं हँडल स्वतःच बनवायचं, आणि तिथून पायरी पायरीने उतरत होस्टची पासवर्डची फाइल गाठायची. यात कुठेही कर्नलचा दोष नव्हता. कर्नलने नियमाप्रमाणेच दार उघडलं. डॉकरने ०.१२ आवृत्तीत, शॉकर जाहीर होण्याच्या थोडं आधीच, पद्धत उलटवली होती: धोक्याचे अधिकार काढण्याऐवजी गरजेचे तेवढेच द्यायचे. आजही कंटेनरला मुळात १४ कॅपॅबिलिटी, म्हणजे रूटच्या अधिकाराचे सुटे तुकडे, मिळतात त्या या उलटवणुकीमुळे. फेब्रुवारी २०१६च्या १.१० आवृत्तीत त्यावर सेककॉम्पचं डीफॉल्ट प्रोफाइल चढलं. तीनशेहून अधिक सिस्टीम कॉलपैकी चव्वेचाळीसेक बंद.

मग २०१९च्या फेब्रुवारीत रनसीचं प्रकरण झालं. रनसी म्हणजे कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणारा होस्टवरचा छोटा प्रोग्रॅम. चालत्या कंटेनरमध्ये नवी कमांड चालवायला तो क्षणभर आत शिरतो, आणि त्या क्षणी आतल्या हल्लेखोराला प्रॉक फाइल सिस्टीममधून त्याच्या होस्टवरच्या बायनरीचा धागा सापडतो. तो धरून बायनरीच बदलून टाकायची. पुढच्या वेळी कोणी रनसी चालवलं की होस्टवर रूट म्हणून हल्लेखोराचा कोड चालतो. ॲपआर्मरच्या डीफॉल्ट प्रोफाइलने हे अडवलं नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सवर एनफोर्सिंगमध्ये (नियम लादणाऱ्या अवस्थेत) असलेल्या एसईलिनक्सने अडवलं. आणि नीट लावलेली यूजर नेमस्पेस असेल तर आतला रूट बाहेर रूट नसतोच, त्यामुळे तिथेही डाव फसला. यूजर नेमस्पेसचा हा पराक्रम ध्यानात ठेवा.

कारण तीन वर्षांनी तीच दुसऱ्या बाजूने उभी होती. जानेवारी २०२२मध्ये सीव्हीई-२०२२-०१८५ या क्रमांकाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली: फाइल सिस्टीम माउंट करताना लांबी मोजण्याच्या कोडमध्ये वजाबाकीची चूक, आणि तिच्यामुळे कर्नलच्या मेमरीत मर्यादेबाहेर लिहायची सोय. त्या कोडपर्यंत पोचायला एक मोठा अधिकार लागतो, जो साध्या कंटेनरला नसतो. पण ‘अनशेअर’ कॉल करून नवी यूजर नेमस्पेस उघडली की तिच्या आत तो फुकट मिळतो. डॉकरचं डीफॉल्ट प्रोफाइल अनशेअर अडवतं, म्हणून नुसतं डॉकर वापरणारे वाचले. तीच इमेज (कंटेनरचा साचा) अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबर्नेटीसवर चालवली तर? तिथे सेककॉम्पचं डीफॉल्ट होतं ‘अनकन्फाइन्ड’, म्हणजे प्रोफाइलच नाही. ज्या नोडवर साध्या वापरकर्त्याला यूजर नेमस्पेस उघडायची मुभा होती, तिथे वाट मोकळी. इमेज तीच, कर्नल तोच; फरक एका डीफॉल्टचा.

कुबर्नेटीसने असं का केलं? चालू कामं मोडू नयेत म्हणून, आणि हे कारण मला टाकाऊ वाटत नाही. रात्री उठून पॉड (कुबर्नेटीसमधला कंटेनरांचा गट) का पडला हे शोधणाऱ्याला ते पटेल. तरी उशीर झालाच. सेककॉम्प तिथे स्थिर झालं २०२०च्या १.१९ मध्ये. सगळ्या पॉडना रनटाइमचं प्रोफाइल आपोआप लावण्याची सोय १.२२ मध्ये चाचणीला आली, २०२३च्या १.२७ मध्ये पक्की झाली, आणि तीही क्यूबलेटला, म्हणजे प्रत्येक नोडवरच्या कुबर्नेटीसच्या हस्तकाला, वेगळं सांगितल्यावरच चालू होते. धोरण लादण्याची जुनी सोय, पॉड सिक्युरिटी पॉलिसी, १.२५ मध्ये काढून टाकली आणि तिच्या जागी प्रिव्हिलेज्ड, बेसलाइन, रिस्ट्रिक्टेड अशा तीन पायऱ्या आल्या.

कर्नल सामायिक आहे तोवर हे असंच चालणार, असं मानणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. इंटेलचे क्लिअर कंटेनर आणि हायपरचं रनव्ही एकत्र करून डिसेंबर २०१७मध्ये काटा जाहीर झालं. त्यात प्रत्येक पॉडला स्वतःचं हलकं व्हर्च्युअल मशीन. मे २०१८मध्ये गूगलने जीव्हायझर खुलं केलं. ते कंटेनरचे सिस्टीम कॉल गो भाषेत लिहिलेल्या आपल्याच कर्नलकडे वळवतं. त्याच वर्षी ॲमेझॉनचं फायरक्रॅकर आलं, मुळात लॅम्डासारख्या सेवांसाठी. किंमत दोन्हीकडे आहे. जीव्हायझरमध्ये फाइलींची खूप उघडझाक करणारं काम मंदावतं, आणि काटाला हार्डवेअरचं व्हर्च्युअलायझेशन लागतं, जे भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनच्या आत मिळेलच असं नाही.

तिसरी फळी अडवणाऱ्यांची नव्हे, पाहणाऱ्यांची. सिसडिगने २०१६मध्ये फाल्को आणलं: कंटेनरमध्ये अचानक शेल उघडलं, नको ती फाइल वाचली, की इशारा. पुढे ईबीपीएफमुळे, म्हणजे बीपीएफच्या विस्तारित रूपामुळे, कर्नल मॉड्यूल न भरता हे शक्य झालं. पण सिस्टीम कॉलच्या दारावर बसून पाहणाऱ्याची एक अडचण असते. कॉलसोबत आलेला फाइलीचा पाथ पहारेकरी एकदा वाचतो आणि कर्नल पुन्हा वाचतो. मधल्या फटीत तो बदलता येतो, हे २०२१च्या डेफकॉनमध्ये करून दाखवलं गेलं. वाचण्या-लिहिण्याच्या कामांसाठीची कर्नलची सोय असलेल्या आयओ यूरिंगने तर दारच वळसा घालून टाळलं: कामं एका सामायिक रांगेत टाकायची, प्रत्येक कामासाठी वेगळा कॉल करायचाच नाही. त्यातच आयओ यूरिंगमध्ये कर्नलच्या गंभीर चुका सापडत गेल्या, म्हणून डॉकर आणि कंटेनर चालवणारं कंटेनरडी दोघांनी पुढे आपापल्या डीफॉल्ट प्रोफाइलमधून आयओ यूरिंगचे कॉल वगळले. निर्णय जिथे होतो तिथेच बसायचं, या विचाराने २०२०मध्ये कर्नल ५.७ मध्ये बीपीएफ एलएसएम, म्हणजे कर्नलच्या सुरक्षा-तपासणीच्या जागांवरच बीपीएफ प्रोग्रॅम बसवण्याची सोय, आली. २०२२मध्ये खुलं झालेलं टेट्रागॉनही कर्नलच्या आतल्या फंक्शनांवर नजर ठेवतं आणि सांगितलं तर प्रोसेस तिथल्या तिथे मारतं.

यूजर नेमस्पेसचं पुढे काय झालं? कुबर्नेटीसमध्ये ती २०२२च्या १.२५ मध्ये चाचणीला आली आणि एप्रिल २०२५च्या १.३३ पासून तिची सोय आपोआप चालू असते. सोय चालू असते, नेमस्पेस नव्हे. त्यासाठी पॉडच्या यॅमल फाइलीत ‘होस्टयूजर्स’ला ‘फॉल्स’ असं कोणीतरी स्वतःहून लिहावं लागतं.