स्फटिक बदलण्यापासून पट्टी सरकवण्यापर्यंत

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात परीक्षा संपल्या की एक प्रश्न हमखास येतो. काखेत कॅबिनेट मारून आलेला पोरगा विचारतो, "काका, कार्ड ओव्हरक्लॉक करायचंय, किती वाढवू?" म्हणजे ग्राफिक कार्ड कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर पळवायचं. आकडा सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण आफ्टरबर्नर हे कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर उघडल्यावर समोर येणाऱ्या सरकत्या पट्ट्या, म्हणजे कोअर क्लॉक (चिपचा वेग), मेमरी क्लॉक (मेमरीचा वेग), पॉवर लिमिट (विजेची मर्यादा), टेंप लिमिट (तापमानाची मर्यादा), व्होल्टेज, तिथे का आल्या हे ठाऊक असलं की कुठली आधी सरकवायची आणि कुठल्या पट्टीच्या वाटेला जायचं नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

हा उद्योग ग्राफिक कार्डांहून जुना आहे. 1984 साली आलेला आयबीएमचा पीसी एटी 6 मेगाहर्ट्झवर चालायचा. बोर्डावर वेगाचा ठोका देणारा 12 मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक असे आणि प्रोसेसर त्याच्या निम्म्या वेगाने धावे. लोकांनी तो काढून 16 चा बसवला, मशीन 8 वर पळू लागलं. आयबीएमने पुढच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, सुरुवातीलाच वेग तपासायची सोय केली आणि ही वाट बंद झाली. मग 1998 मध्ये इंटेलचा सेलेरॉन 300ए आला. बोर्डाची बस, म्हणजे प्रोसेसरला डेटा पोचवणारी वाट, 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेली की हा 300 चा स्वस्त प्रोसेसर 450 वर चाले, आणि बऱ्याचदा मूळच्याच पंख्यावर.

मुळात वाढवायला जागा उरतेच कशी? तासगावच्या बाजारात बेदाण्याची प्रतवारी पाहिली असेल तर हे लगेच पटेल. बाग एकच, पण चाळणीखाली प्रती निघतात वेगवेगळ्या. सिलिकॉनच्या एका तबकडीवरच्या चिपांचंही तसंच. काही कमी व्होल्टेजवर झपाझप पळतात, काही कुरकुरतात. खोक्यावर छापायचा वेग मात्र त्यातल्या कमकुवत चिपलाही झेपेल असाच ठेवावा लागतो. तुमच्या वाट्याला चांगला दाणा आला, तर मधली जागा तुमची. म्हणूनच मित्राचा आकडा तुमच्या कार्डावर चालेलच असं नाही, मॉडेल तेच असलं तरी.

1996 चं थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू ग्राफिक कार्ड 50 मेगाहर्ट्झचं होतं, वूडू 2 हे 1998 मध्ये 90 वर गेलं. त्या काळी कार्डाचा वेग पॉवरस्ट्रिपसारख्या छोट्या सॉफ्टवेअरने वाढवायचा. एनव्हिडिया या कार्ड कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तर वेगाची पट्टी लपवलेलीच असे. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीत, कूलबिट्सची नोंद टाकली की ती उघडायची. अलेक्सेई निकोलायचुक या रशियन प्रोग्रामरने रिव्हाट्यूनर हे असंच सॉफ्टवेअर लिहिलं आणि आजचं एमएसआय आफ्टरबर्नर त्याचंच काम आहे. तेव्हाच्या बहुतेक कार्डांना स्वतःचं तापमान कळत नसे. पडद्यावर रंगीत ठिपके नाचायला लागले की समजायचं, फार झालं.

2003 मध्ये एटीआय या दुसऱ्या कार्ड कंपनीने रेडिऑन 9800 एक्सटी कार्डाबरोबर ओव्हरड्राइव्ह आणलं. चिपचं तापमान पाहून कार्ड आपला वेग आपणच वाढवी.

खरा धोका वेगात नाही, व्होल्टेजमध्ये आहे. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही 10 टक्क्यांनी वाढवलं तर उष्णता जवळपास 33 टक्क्यांनी चढते. 2011 मध्ये एनव्हिडियाच्या जीटीएक्स 590 या कार्डावर व्होल्टेज चढवून पाहताना चाचणी घेणाऱ्यांची काही कार्डं जळाली. आज कंपन्या ही पट्टी अगदी थोडी मोकळी ठेवतात. नवख्याने ती आहे तिथेच राहू द्यावी.

सगळ्यात मोठं वळण मार्च 2012 चं. एनव्हिडियाच्या जीटीएक्स 680 कार्डाबरोबर जीपीयू बूस्ट आलं: मूळ वेग 1006, बूस्ट 1058 मेगाहर्ट्झ, आणि वीज व तापमान परवानगी देईल तसं आणखी वर. म्हणजे तेव्हापासून कार्ड स्वतःच ओव्हरक्लॉक होऊन चालतं आणि आपण फक्त त्याच्या मर्यादा हलवतो. म्हणून पॉवर आणि टेंप लिमिट आधी. या दोन्ही पट्ट्या कंपनीने ठरवलेल्या हद्दीतच सरकतात. कार्डाला बोर्डावरच्या स्लॉटमधून 75 वॅट मिळतात, आठ पिनांच्या केबलमधून 150, तेव्हा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) लोकल असेल तर आधी तो बदला. मग कोअर 15-20 मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी, आणि दर पायरीला अर्धा तास गेम. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला तर घाबरू नका. कार्ड 2 सेकंद गप्प बसलं की विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं, ही सोय व्हिस्टापासूनची आहे. एक-दोन पायऱ्या मागे या.

मेमरी जास्त फसवी. जीडीडीआर5 पासून चुकलेला डेटा ओळखून पुन्हा पाठवला जातो, त्यामुळे ठिपके दिसत नाहीत, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मात्र घसरतात. दर वेळी बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारी चाचणी, लावून आकडा लिहून ठेवा.

जुनं कार्ड घेतलं असेल तर आणखी एक गोष्ट. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि त्यासाठी राबवलेली कार्डं बाजारात आली. त्यातल्या काहींचा बायोस बदललेला असतो, मेमरी आधीच वर चढवलेली. तो मूळचा करून मगच पट्ट्यांना हात लावा.

आणि आपला उन्हाळा. डिसेंबरात बसवलेला आकडा एप्रिलच्या 40 अंशांत टिकेलच असं नाही. गेल्या मे महिन्यात मार्केट यार्डाजवळून एक कार्ड आलं. पंखे काढले तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये हळदीची पिवळी पूड थापल्यासारखी बसलेली. ब्लोअर मारला, जुनी पेस्ट खरवडून नवी लावली. तोच गेम लावला, 84 अंशांवर जाणारं कार्ड 72 वर थांबलं आणि क्लॉक आपणहून 75 मेगाहर्ट्झ वर गेला. पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "पण काका, तुम्ही अजून वाढवलंच कुठंय?"