आवाज अडवणं वेगळं, आवाज शोषणं वेगळं

घरी आवाज रेकॉर्ड करायचा बूथ, म्हणजे छोटी बंद खोली, बांधणारा जवळजवळ प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो: ‘आतून सगळीकडे फोम चिकटवला, तरी बाहेरच्या गाड्या ऐकू येतातच, आता आणखी जाड फोम लावू का?’ नका लावू. गाड्या थांबवणं हे फोमचं कामच नाही.

बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून त्यावर फार बोलत नाही. भिंतीचं वजन दुप्पट केलं की ढोबळमानाने ६ डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं एकक) फायदा होतो. मात्र भिंतीचा १ टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची भिंत कितीही भारी असो, २० डेसिबलच्या वर मजल जात नाही. त्यामुळे आधी दाराखालची फट बघा.

खरा गोंधळ पुढे आहे. आवाज अडवणाऱ्या वस्तूतून हवा आरपार जाता कामा नये. आवाज शोषणाऱ्या वस्तूत हवा शिरलीच पाहिजे, कारण तंतूंमधून हवेचे कण ये-जा करताना घर्षण होतं आणि त्यात आवाजाच्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणून माझी परीक्षा साधी आहे: वस्तू तोंडाशी धरून फुंकर मारा. थोडा विरोध होऊन फुंकर पलीकडे गेली, तर ती शोषेल. अजिबात गेली नाही, तर ती वजनाच्या प्रमाणात अडवेल. अंड्यांचे ट्रे धड शोषायला जाड नाहीत, धड अडवायला जड नाहीत. ते भिंतीवर पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं, कारण कुणीतरी त्यासाठी महिनोन्महिने ते साठवलेले असतात.

यातून निघणारी गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही: अडवण्याचं काम जितकं चोख, तितका आतला आवाज बिघडतो. दुहेरी प्लायवूड आणि जिप्सम बोर्ड लावून पक्की पेटी केली, की बाहेरचं आत येत नाही, पण तुमचा आवाजही बाहेर जात नाही. तो आतच आपटत राहतो. बूथ १.२ मीटर रुंद असेल, तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये १४३ हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आसपासचा सूर फुगतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर बऱ्याचदा नेमका तिथेच असतो. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा जो आवाज येतो, तो याचमुळे.

आता यावर पातळ फोम काय करतो? भिंतीला अगदी लागून हवेचे कण हलतच नाहीत. त्यांची हालचाल सर्वात जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे त्या सुराच्या एका पूर्ण तरंगाच्या लांबीच्या चौथ्या भागावर. १००० हर्ट्झसाठी ते अंतर साडेआठ सेंटीमीटर आहे, १०० हर्ट्झसाठी ८६. भिंतीला चिकटलेला अडीच सेंटीमीटरचा फोम वरच्या पट्टीतली झळाळी खाऊन टाकतो आणि २५० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच करत नाही. मग आवाज मंदही होतो आणि घुमतोही. लोक माइक बदलतात, इक्वलायझरशी (वरचे-खालचे सूर कमीजास्त करायच्या साधनाशी) झटतात, आणि शेवटी स्वतःच्या गळ्याला दोष देतात. हे शेवटचं मला सहन होत नाही. गळा ठीक असतो, चूक जाडीची असते.

उपाय म्हणजे जाडी आणि मागची पोकळी. १० सेंटीमीटर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लादी) आणि त्यामागे १० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवली, की फरक कुणालाही कळतो. वरचं कापडही फुंकर जाईल असंच हवं. रेक्झिनने मढवलेला सुंदर पॅनेल वरच्या पट्टीचा आवाज परत फेकतो. कोपऱ्यांत जास्त जाडी द्या, खालचे सूर तिथेच साठतात. डिफ्यूजर, म्हणजे आवाज चहूकडे विखुरणारे खडबडीत पॅनेल, एवढ्या लहान जागेत विसरा.

हा थर कुठे लावायचा, यातही उलटं घडतं. बहुतेक जण माइकच्या मागची भिंत मढवतात. कार्डिऑइड माइकला, म्हणजे मुख्यतः समोरचं टिपणाऱ्या माइकला, मागचं सर्वात कमी ऐकू येतं. तो बघत असतो गाणाऱ्याच्या डोक्यामागची भिंत. पहिला जाड थर तिथे, मग बाजूला, मग डोक्यावर.

आणि रॉकवूलमागे पोकळी सोडण्याएवढी जागाच नसेल, तर बूथ बांधूच नका, असं माझं ठाम मत आहे. घरातल्या सर्वात मोठ्या खोलीत उभं राहा, पाठीमागे दोन जाड रजया भिंतीपासून हातभर पुढे टांगा आणि रात्री शांततेत रेकॉर्ड करा. चांगल्या बांधलेल्या पण अरुंद पेटीपेक्षा हे बहुतेक वेळा सरस निघतं.

तपासायला टाळी वाजवू नका. टाळीत खालचे सूर फारसे नसतातच, त्यामुळे पातळ फोमची खोलीही त्यात पास होते. त्याऐवजी सर्वात खालच्या सुरापासून ‘आ’ धरून सारख्या जोराने हळूहळू वर सरकत जा, ते रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. एखादा सूर अचानक फुगला, तर भिंतींमधलं अंतर मोजा: ३४३ ला (हा हवेतला आवाजाचा वेग, मीटर प्रति सेकंद) त्या अंतराच्या मीटरमधल्या दुपटीने भागून येणारा हर्ट्झचा आकडा त्या सुराच्या जवळपास असेल, तर त्याच दोन भिंतींवर जाडी वाढवा.