कार्डचा ईएमआय आणि गाडीचं लोन: पहिली बाईक घेताना होणारी गल्लत

माझा मावसभाऊ मिरजेचा, पुण्यात सेकंड इयरला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्या दसऱ्याला त्याने पहिली बाईक घेतली, थोडे साठवलेले पैसे आणि ६० हजार क्रेडिट कार्डवर. फोनवर म्हणाला, "ताई, ईएमआयवर घेतली." आम्हाला सगळ्यांना आनंदच झाला. संक्रांतीनंतरच्या रविवारी तो तिळगूळ द्यायला घरी आला तेव्हा सहज म्हणून त्याच्या मोबाईलवर कार्डचं बिल बघितलं तर एकूण बाकी जवळपास ६० हजार. म्हटलं अरे भरतोयस ना तू? तर म्हणे एकही हप्ता चुकवला नाही, दर महिन्याला तीन हजार, तेही तारखेच्या आधी. खरंच भरले होते, ९ हजारांच्या वर गेले होते आणि बाकी जिथल्या तिथे.

झालं असं होतं की शोरूममध्ये कार्ड स्वाईप केलं, काउंटरवरचा माणूस म्हणाला ईएमआय होऊन जाईल, पण ते कोणी केलंच नाही. नुसतं स्वाईप केलं म्हणजे ईएमआय होत नाही, मशीनवरच ईएमआय निवडावा लागतो नाहीतर बँकेच्या ॲपवरून किंवा फोन करून ठरलेल्या मुदतीत तो व्यवहार ईएमआयमध्ये बदलून घ्यावा लागतो. पोरगं जे तीन हजार हप्ता समजून भरत होतं तो होता मिनिमम ड्यू.

हे दोन आकडे दिसायला सारखे असतात म्हणून इथे जरा थांबून सांगते. ईएमआयमध्ये व्याज आणि मुद्दल ठरलेलं असतं, बारा हप्ते म्हणजे बाराव्या महिन्यात विषय संपला. मिनिमम ड्यू म्हणजे फक्त कार्ड थकीत दिसू नये एवढ्यापुरती भरायची रक्कम, बऱ्याचदा बाकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास. त्याच्या कार्डला महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाचे ४२, आणि कार्डच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. ६० हजारांवर एका महिन्याचं व्याज २,१०० आणि जीएसटी ३७८, म्हणजे तीन हजारातले जवळपास अडीच हजार तिथेच गेले, मुद्दलातून कमी झाले पाचशे. त्यात पूर्ण बिल भरलं नाही तर व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं, शिवाय त्याच कार्डवरची नवी खरेदी, अगदी मेसचं बिल आणि पेट्रोलसुद्धा, पहिल्या दिवसापासून व्याजात जाते. ते ४५-५० दिवस फुकट वापरायला मिळतात ना, ते फक्त पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी असतात.

आता समजा ईएमआय नीट करून घेतला असता तर? ६० हजार, १२ महिने, १५ टक्के धरू, हप्ता साधारण ५,४१५ चा, वर्षात व्याज जेमतेम पाच हजार, त्यावर जीएसटी नऊशेच्या आसपास, प्रोसेसिंग फी वेगळी, आणि शोरूमवाले कार्ड घेतलं की दीड-दोन टक्के मागतात ते नऊशे-बाराशे. एवढं सगळं धरूनही हे मिनिमम ड्यूच्या खड्ड्यापेक्षा कितीतरी बरं. नो कॉस्ट ईएमआय असला तरी बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी सूट आधीच किमतीत देतात, त्या व्याजावरचा जीएसटी आपणच भरतो. रिझर्व्ह बँकेने तर २०१३ मध्येच सांगून ठेवलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं.

गाडीचं लोन ही वेगळीच गोष्ट आहे, त्यालाही हप्ताच म्हणतात म्हणून घोळ होतो. लोनमध्ये कर्ज गाडीवर असतं, आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव चढतं, सातबाऱ्यावर बोजा चढतो तसंच अगदी. हप्ते थकले तर गाडी उचलून नेऊ शकतात, आणि कर्ज असताना गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सचे पैसे आधी त्यांना जातात. कार्डवर घेतली तर आरसी कोरी राहते, गाडी पूर्ण तुमची, पण कर्ज तुमच्या डोक्यावर, तुमच्या बाकीच्या सगळ्या खर्चात मिसळलेलं, आणि कार्डचं लिमिट तेवढं अडकलेलं.

स्टुडंटला लोन बहुतेक वेळा आई-बाबांच्या नावाने किंवा त्यांना सोबत घेऊनच मिळतं कारण स्वतःचं उत्पन्न नसतं. यात मला वाईट काही वाटत नाही, उलट घरात निदान एका मोठ्या माणसाने कागद वाचलेले असतात.

लोनमध्ये एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, व्याज फ्लॅट आहे (शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर) की रिड्युसिंग (फक्त उरलेल्या मुद्दलावर). ८० हजार, तीन वर्षं, १० टक्के फ्लॅट म्हणजे व्याज २४ हजार आणि हप्ता २,८८९, ऐकायला १० टक्के पण रिड्युसिंगने मोजलं तर जवळपास १८ पडतात, कारण तुम्ही मुद्दल फेडत जाता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ८० हजारांवर चालू. ऑक्टोबर २०२४ पासून अशा लोनसाठी की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, सही करायच्या आधी तो कागद मागा. क्रेडिट कार्डच्या बाकीला हा नियम लागू नाही, तिथे हिशोब तुम्हालाच करावा लागतो.

माझं मत विचाराल तर रक्कम छोटी आणि सहा-आठ महिन्यांत नक्की फिटणारी असेल तर कार्डचा ईएमआय चालेल, पण दोन-तीन वर्षं लागणार असतील तर लोनच. आणि बजेट ऑन-रोड किमतीवर (नोंदणी, इन्शुरन्स सगळं धरून) ठरवा, नुसत्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीवर नाही, कारण २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स एकदमच घ्यावा लागतो.

अजून एक, जे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. भावाचं कार्ड त्याच्या एफडीवर दिलेलं होतं, नोकरी नसलेल्या मुलांना बहुतेक असंच मिळतं. म्हणजे स्वतःचे एक लाख साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवून तो त्याच बँकेचं ४२ टक्क्यांचं कर्ज वापरत होता! एफडी अशी कार्डासाठी अडकलेली नसेल तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तसे पैसे, मिळतो, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याजाने. किंवा सरळ एफडी मोडायची, व्याज थोडं कमी मिळतं एवढंच. आजीने ठेवलेली एफडी म्हणून त्याचा जीव होत नव्हता, पण आजीच म्हणाली की पैसा तुझ्याचसाठी ठेवला होता ना रे. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन एफडी मोडली, कार्डची पूर्ण बाकी भरून कार्ड बंद केलं आणि उरलेल्या पैशांची परत छोटी एफडी केली. आता तो दर महिन्याला आजीच्या खात्यात तीन हजार टाकतो.