एकल महिलांचा वीज-गॅसचा हक्क : पार्श्वभूमी

एकल महिला म्हणजे विधवा, घटस्फोटिता आणि नवऱ्याने टाकलेल्या परित्यक्ता. वीज-गॅसच्या योजना त्यांच्यापर्यंत का पोचत नाहीत, ते मागे गेल्यावर कळते. चुलीच्या धुरावर देशपातळीवर सरकारी उतारा १९८० च्या दशकात आला. १९८३-८४ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, तो २००२ पर्यंत चालला. सोबत गोबरगॅस होता. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत आणि खड्ड्यापुरती जागाही स्वतःची हवी. माहेरच्या पडवीत राहणाऱ्या परित्यक्तेकडे यातले काहीच नसे. त्याच दशकात महाराष्ट्रात परित्यक्तांच्या परिषदा, मोर्चे निघाले. त्यांच्या मागण्यांत पोटगी, घर आणि स्वतःच्या नावाचे रेशन कार्ड होते. ऊर्जेचा प्रश्न त्या रेशन कार्डातच दडलेला आहे, हे पुढे कळले.

कारण सगळा घोळ ‘कुटुंब’ या शब्दाचा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय गणनेत वंचिततेचा एक निकष होता : १६ ते ५९ वयाचा पुरुष नसलेले, महिला प्रमुख असलेले कुटुंब. वाचायला उदार वाटतो. पण मुलगा सोळा वर्षांचा झाला की निकष गेला, मग तो अकरावीत का शिकत असेना. आणि भावाच्या घरी राहणारी बहीण मोजणीत कुटुंबच ठरत नाही, कारण चूल एक तर कुटुंब एक. म्हणजे गॅस मिळवायचा तर आधी चूल वेगळी मांडून दाखवायची! त्याच वर्षीच्या जनगणनेत देशात घटस्फोटितांच्या जवळपास तिप्पट माणसे ‘विभक्त’ म्हणून नोंदली गेली. कोर्टाचा कागद हातात नसलेल्या बायका याच गटात येतात.

गरीब घरांना गॅसजोडणी देणारी, १ मे २०१६ ला सुरू झालेली उज्ज्वला योजना सुरुवातीला याच सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीवर चालली. जोडणी बाईच्याच नावे, हे मोठे पाऊल होते. सरकारी १६०० रुपये मात्र सिलिंडर-रेग्युलेटरची अनामत, नळी, पुस्तिका आणि जोडणीतच संपत. शेगडी आणि पहिले सिलिंडर कर्जाने घेतले, तर कर्ज फिटेपर्यंत सिलिंडरवरचे अनुदान तिकडे वळते व्हायचे आणि पुढचे सिलिंडर पूर्ण भावाने घ्यावे लागायचे. रोजंदारीवरच्या बाईची टाकी इथेच रिकामी राहिली. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात शेगडी आणि पहिले सिलिंडर मोफत झाले. पत्त्यासाठी आणि कुटुंबासाठी स्वयंघोषणापत्रही चालू लागले, पण फक्त स्थलांतरितांना. २०२४ च्या राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. तिथेही एका रेशन कार्डावर लाभार्थी एकच, आणि माहेरच्या कार्डावर तो मान बहुधा वहिनीचा.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, मग स्वतंत्र कार्ड, मग गॅस. पहिल्याच पायरीला सासरच्यांची सही अडते. त्यांना विचारायचे तरी कसे, याचे उत्तर अर्जाच्या नमुन्यात नाही.

विजेची गाठ वेगळी आहे. २०१७ च्या सौभाग्य योजनेने मीटर घरोघरी नेले, नाव मात्र घरमालकाचे, म्हणजे नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे. तो वारल्यावर नाव बदलायला गेले की थकबाकी निघते. राज्याच्या वीज पुरवठा संहितेत, म्हणजे वीजजोडणीच्या नियमांत, २००५ पासून एक तरतूद आहे, २०२१ च्या नव्या संहितेनेही ती ठेवली : जागा विकत घेणाऱ्यावर जुनी थकबाकी जास्तीत जास्त सहा महिन्यांची येते, पण जोडणी वारसाच्या नावे होत असेल तर ही मर्यादा नाही. उद्देश समजतो, बिल बुडवून मुलाच्या नावे मीटर घेणारे असतातच. तरी बाहेरच्या खरेदीदाराला सूट आणि विधवेला सगळी बाकी, हे उफराटेच आहे. त्यामुळे अनेकजणी नाव बदलतच नाहीत आणि मयताच्या नावाचे बिल भरत राहतात. भावाच्या मीटरवरून वायर घेतली तर दोन घरांचे युनिट एकत्र पडतात, १०० चा टप्पा ओलांडला जातो, वरच्या युनिटांचा दर चढतो आणि बिलाच्या दिवशी भांडण ठरलेले.

२०२४ पासून छतावरच्या सौरसंचाला एक किलोवॉटसाठी ३०,००० रुपये अनुदान आहे. ते मिळायला छप्पर हवे आणि वीजजोडणी स्वतःच्या नावे हवी.