चितारओळीच्या जिव्हाळ्यामागचा इतिहास

नागपूरच्या महाल भागातल्या चितारओळीत, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्या-रंगवणाऱ्या चिताऱ्यांच्या गल्लीत, एखादा जुना चितारी गेला, की हळहळ लांबवर पोचते. धरमपेठेतल्या, मानेवाड्यातल्या, कधी वर्धा-भंडाऱ्याच्याही घरांतून ऐकू येतं, "आमच्या महालक्ष्म्यांचे डोळे तेच आखायचे जी." महालक्ष्म्या म्हणजे इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात त्या. ज्याच्याशी वर्षातून एकदा, तेही ऐन घाईत पाच मिनिटं बोलणं व्हायचं, त्या कारागिराबद्दल एवढी आपुलकी कुठून येते? भाजीवाल्याशी रोज बोलतो आपण, पण त्याच्या आठवणी कुणी सांगत बसत नाही. याचं उत्तर नागपूरच्या सणांमध्ये आहे, आणि त्यातले बरेच सण भोसल्यांच्या दरबारातून खाली आले आहेत.

पहिल्या रघुजींनी 1743च्या सुमारास नागपूर आपली राजधानी केली. राजधानी आली की तिच्यामागे सुतार, पाथरवट, कोष्टी, चितारी येतातच. वाड्याच्या आसपास त्यांच्या वस्त्या बसल्या, आणि चितारओळही त्याच काळातली मानली जाते. भोसल्यांचा वाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर भरपूर लाकडी कोरीवकाम होतं. 1864च्या आगीत तो जळाला. तोवर त्या वाड्यात राज्यही उरलं नव्हतं. तिसरे रघुजी 11 डिसेंबर 1853 रोजी वारले, औरस वारस नव्हता, आणि डलहौसीने पुढच्याच वर्षी राज्य खालसा केलं. आश्रयदाता गेला की कारागीर देशोधडीला लागतो, हा नेहमीचा अनुभव. इथे तसं फारसं झालं नाही, कारण दरबाराने सुरू केलेले सण एव्हाना गल्लीबोळांत रुजले होते.

तान्ह्या पोळ्याचंच बघा. मोठ्या पोळ्याला शेतकऱ्याचे खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, पोरं चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. दुसऱ्या रघुजींनी मुलांसाठी हा पोळा 1806 साली सुरू केला, असं नागपुरात सांगतात. त्यांचा काळ 1788 ते 1816, तेव्हा सालाचा मेळ बसतो. महालातल्या भोसल्यांच्या वाड्यातला भलामोठा लाकडी बैल आजही या दिवशी निघतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा सण समजावून सांगावा लागतो. विदर्भात मात्र ज्या घरात पोर आहे, त्या घरात लाकडी बैल आहे.

दुसरा सण हडपक्या गणपतीचा. यालाच मस्कऱ्या गणपतीही म्हणतात. अनंत चतुर्दशीला सगळीकडचे गणपती बुडाले, की ऐन पितृपक्षात नागपुरात पुन्हा गणपती बसतो. भोसले घराण्यातल्या खंडोजी ऊर्फ चिमणाबापूंनी बंगालच्या मोहिमेवरून परतल्यावर 1787 साली तो बसवला, अशी परंपरा आहे. लावण्या, खडी गंमत, सोंगं असा त्याचा थाट होता. बंगालात मराठी घोडेस्वार 'बर्गी' म्हणून भीतीचा विषय होते. आता धंतोलीसारख्या ठिकाणच्या दुर्गापूजेसाठी बंगाली मूर्तिकार नागपुरात येतात, बांबू आणि तणसाच्या सांगाड्यावर माती चढवतात. काळाने हिशेब बरा फिरवला म्हणायचा.

इंग्रजी अमलात यात मारबतीची, म्हणजे पीडा घालवायला काढायच्या पुतळ्याच्या मिरवणुकीची, भर पडली. काळी 1881पासून आणि पिवळी 1885पासून निघते, असं मानलं जातं. ती तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत. सोबत बडगे म्हणजे बांबू-कागदाचे पुतळे असतात आणि त्यांत त्या त्या वर्षीचा भ्रष्टाचार, महागाई, पुढारी सगळे येतात.

एकूण पोळ्याच्या अमावास्येपासून दसऱ्यापर्यंतच्या चाळीस दिवसांत बैल, गणपती, महालक्ष्म्या, पुन्हा गणपती आणि मग देवी. हे सगळं काम पावसाळ्यात उरकायचं, जेव्हा माती वाळत नाही. मातीत कापूस कुटून घालायचा, म्हणजे वाळताना तडे कमी जातात. जाड भाग एकदम भरायचा नाही. रंगाला घाई करायची नाही, कारण आत ओल असली की वरचा रंग फुगतो.

पण जिव्हाळा मूर्ती विकण्यातून येत नाही, असं माझं मत आहे. गणपती दहा दिवसांत पाण्यात जातो, आणि पुढच्या वर्षी गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातही जाऊ शकतं. लाकडी बैल आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे मात्र बुडवत नाहीत. आजोबांचा बैल नातू ओढतो. शिंग तुटलं, चाक निखळलं की बैल चितारओळीत येतो. मुखवटे वर्षभर कापडात गुंडाळून डब्यात असतात. कुठे नाकाचा टवका उडतो, कुठे ओठांचा रंग उतरतो. मग ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी चिताऱ्याकडे येतात. तो खड्डे भरतो, घासतो, अंगाचा रंग देतो, भुवया काढतो आणि सगळ्यात शेवटी डोळे आखतो.

खरी कसोटी तिथेच असते. दोघी बहिणींची नजर एकमेकींशी जुळली पाहिजे आणि मागच्या सालासारखीही दिसली पाहिजे. डोळ्यातली बाहुली केसभर वर सरकली, की घरातली म्हातारी म्हणणार, "या आपल्या नव्हेत." नवी मूर्ती सुंदर असली की काम भागतं. जुन्या मुखवट्याला मात्र ओळखीचं दिसावं लागतं. त्यासाठी चिताऱ्याला त्या घरच्या महालक्ष्म्या लक्षात ठेवाव्या लागतात. बरेच चितारी त्या ठेवतात, अनेकदा गिऱ्हाइकाचं नाव विसरूनसुद्धा. त्याची सही कुठेच नसते. म्हणून तो गेल्यावर आठवण सांगताना लोक त्याच्या कलेबद्दल बोलत नाहीत, आपल्या घरच्या मुखवट्यांबद्दल बोलतात.

गेल्या काही दशकांत या धंद्याला प्लास्टर ऑफ पॅरिसने हलवलं. साच्यात ओतलं की ते अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं. वजनाला हलकं, उंच मूर्तीला सोयीचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010मध्ये विसर्जनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2020च्या सुधारणेत पीओपीवर बंदी आणली. 2025च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवण्या-विकण्याला मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाची नाही. चर्चा होते ती या सगळ्याची. दुरुस्तीच्या कामाला यातला कुठलाच नियम लागत नाही, म्हणून बातम्यांत ते दिसतही नाही. अडचण मजुरीची आहे. एक जोडी मुखवटे नीट आखायला जो वेळ लागतो, त्या वेळात साच्यातल्या कितीतरी मूर्ती रंगून होतात, आणि मुखवट्याचे पैसे मात्र संकोचूनच मागितले जातात. तरुण हाताने स्प्रे गन उचलली तर त्याला दोष देता येत नाही. ज्यांना जुन्यासारखेच डोळे हवे आहेत, त्या घरांनी श्रावण लागायच्या आत डबा नेऊन द्यावा आणि दाम विचारताना घासाघीस करू नये.