चेंबूरचा कचरा, चेंबूरचं खत: जमिनीचा कस कुठे गेला

जमिनीचा कस गेला म्हटलं की सगळे लगेच युरियावर घसरतात. युरियाचा वाटा आहेच, पण गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते आणि तिचं एक टोक आपल्या मुंबईतल्या चेंबूरलाच आहे.

आधी गावात पिकलेलं बरंचसं गावातच खपायचं, त्यामुळे शेण, राख, उकिरडा सगळं फिरून रानातच जायचं. धनगराची मेंढरं शेतात बसवायची आणि बदल्यात त्याला धान्य द्यायचं हा व्यवहार घाटावर अजूनही दिसतो. ज्वारीत तुरीच्या ओळी असायच्या, तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र (नायट्रोजन) धरतात. अर्थात तेव्हा सगळं आलबेल होतं असंही नाही हां, व्होल्कर नावाच्या इंग्रज केमिस्टने १८९३ च्या रिपोर्टात लिहिलंय की सरपण मिळत नाही म्हणून शेण चुलीत जातं, तेव्हा शेतकऱ्याला शिकवत बसण्यापेक्षा आधी सरपणाची सोय करा.

मग रेल्वे आली, शहरं फुगली आणि माल एकाच दिशेने जायला लागला. गंमत म्हणजे ज्या लीबिग या जर्मन केमिस्टच्या १८४० च्या पुस्तकातून रासायनिक खताची कल्पना रुजली तोच पुढे लंडनवर चिडला होता, की शेतातून आलेलं सगळं तुम्ही गटारातून घालवताय म्हणून. पुण्यात निदान मैल्याचं सोनखत व्हायचं आणि ऊसवाले ते न्यायचे. मुंबईने काय केलं, तर १९०६ ला कुर्ला-चेंबूर लाइन टाकली ती कचऱ्याच्या गाड्यांसाठी (पॅसेंजर १९२४ पासून), आणि १९२७ पासून देवनारला डम्पिंग. म्हणजे नाशिक-पुण्याच्या रानातलं पालाश (पोटॅश), स्फुरद (फॉस्फरस) भाजीतून इथे यायचं आणि खाडीकाठी पुरलं जायचं.

आणि त्याच चेंबूरला १९६५ मध्ये ट्रॉम्बेचा खत कारखाना सुरू झाला, तीच १९७८ पासूनची आरसीएफ (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स), नत्र-स्फुरद-पालाश समान असलेल्या सुफला १५:१५:१५ खतवाली. तो काळ दुष्काळाचा, अमेरिकेच्या गव्हाचा, संकरित ज्वारी नुकतीच आलेली आणि तिला खत लागायचंच, त्यामुळे तेव्हा खत आणलं ते चुकलं असं मला तरी म्हणवत नाही.

घोळ झाला तो १९९२ ला. सरकारने स्फुरद आणि पालाशच्या खतांच्या किमती मोकळ्या सोडल्या पण युरियाची किंमत धरून ठेवली, आणि ४:२:१ हवं ते नत्र-स्फुरद-पालाशचं प्रमाण देशभरात एका वर्षात ९.५:३.२:१ वर गेलं. २०१० च्या, खतातल्या अन्नद्रव्यांवर ठरणाऱ्या नव्या सबसिडीतूनही युरिया बाहेरच. आज ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपयांच्या आसपास आणि ५० किलो डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) १३५० ला, मग शेतकरी काय उचलणार सांगा ना, युरिया टाकला की चार दिवसात पीक हिरवंगार दिसतं आणि खालून जस्त, गंधक, पालाश निघून जातं ते काही दिसत नाही. वर कालव्याच्या पट्ट्यात जास्त पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या ते वेगळंच, निरा डाव्या कालव्यावर तर ब्रिटिशांच्या काळातच हे सुरू झालं होतं.

उपाय कोणाला माहीत नाहीत अशातला भाग नाही. ताग नाहीतर धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं पेरून फुलावर आला की गाडायचा, उसाचं पाचट जाळायचं नाही, कडधान्याचा फेर ठेवायचा, पाण्याचा निचरा बघायचा, आणि माती तपासून खत द्यायचं. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकाही मिळते, बारा गोष्टी तपासतात, त्यात सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.५ टक्क्याच्या खाली आला तर आधी त्याच्याकडे बघावं, कारण कर्ब नसला की पाणीही धरत नाही आणि दिलेलं खतही वाहून जातं.

इकडे मुंबईत २०१७ पासून महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलंय, काही ठिकाणी कंपोस्ट चांगलं होतंही. पण टनभर कंपोस्टमध्ये नत्र साधारण दहा-पंधरा किलो, तेवढा युरियाच्या अर्ध्या-पाऊण गोणीत मिळतो. कर्ब त्या गोणीत नसतो हे खरं, पण हिशोब करताना तो कोण धरतं, आणि टेम्पो भरून नाशिककडच्या निफाडला पाठवायचा तर भाड्यातच सगळं जातं, म्हणून ते खत शेवटी सोसायटीच्या कुंड्यांतच पडतं.