धुराला पेटवणारी चूल

पेटलेली आगकाडी आडवी धरून ज्योतीच्या मुळाशी बारकाईने पाहिले, तर लाकूड आणि ज्योत यांच्यामध्ये एक अरुंद, काळसर फट दिसते. ज्योत लाकडाला लागलेली नसते, लाकडातून बाहेर पडणाऱ्या वायूला लागलेली असते. काडी फुंकून विझवल्यावर तिच्या टोकातून पांढरट धुराची रेघ वर जाते. हवा स्थिर असेल आणि दुसरी पेटती काडी लगेच त्या रेघेत धरली, तर हा धूर पेट घेतो. धूर पेटतो, याचा अर्थ तो इंधन आहे, आणि चुलीतून धूर निघतो आहे याचा अर्थ इंधन न जळताच वाया जाते आहे. डोंगरात भटकताना पाठपिशवीत नेता येणारी लाकडाची छोटी चूल ज्या तत्त्वावर चालते, ते तत्त्व एवढेच आहे.

लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन पदार्थांचे बनलेले असते. ते तापू लागले की आधी त्यातील पाणी वाफ होऊन जाते. सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे हेमिसेल्युलोजचे विघटन सुरू होते, ३०० ते ४०० अंशांच्या दरम्यान सेल्युलोजचे होते आणि लिग्निन मात्र तापमानाच्या बऱ्याच मोठ्या पल्ल्यात हळूहळू फुटत राहते. या विघटनातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन, डांबरासारख्या पदार्थांची वाफ आणि इतर असंख्य संयुगे बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असा वायुरूप होऊन निघून जातो आणि मागे कोळसा उरतो. या वायूंना पुरेशी उष्णता, पुरेसा प्राणवायू आणि त्यात मिसळण्याइतका वेळ मिळाला, तर ते पूर्ण जळून त्यांचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. या तिन्हींपैकी एक जरी कमी पडले, तरी धूर होतो.

तीन दगडांच्या उघड्या चुलीत अडचण हवेच्या तुटवड्याची नसते. एक किलो कोरडे लाकूड पूर्ण जळायला साधारण ५ घनमीटर हवा लागते आणि उघड्यावर तिच्याहून कितीतरी अधिक हवा आत येते. मात्र ही हवा थंड असते, हव्या त्या जागी पोहोचत नाही आणि वायू जळण्याआधीच त्यांना गार करते. तापमान साधारण ६०० अंशांच्या खाली आले की डांबराची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे ज्वलन अर्धवट राहते. ही वाफ निवून तिचे सूक्ष्म थेंब होतात, ज्योतीतले कार्बनचे कण काजळी म्हणून सुटतात, आणि दोन्ही मिळून डोळ्यांत जातात. त्यात वाऱ्याने ज्योत भांड्यापासून दूर ढकलली जाते. अशा चुलीत लाकडातल्या ऊर्जेपैकी बहुधा १० ते १५ टक्केच ऊर्जा भांड्यात शिरते. कुशल हाताखाली ती थोडी वाढते, एवढेच.

भटकंतीची चूल दिसायला एखाद्या डब्यासारखी असते. स्टेनलेस स्टीलची, उंचीने वीतभर किंवा त्याहून कमी, वजनाने पाव किलोच्या आसपास. तिची खुबी दुहेरी भिंतीत आहे. बाहेरच्या भिंतीला तळाशी छिद्रे असतात. त्यांतून आत आलेल्या हवेचा एक भाग जाळीखालून लाकडापर्यंत जातो. ही प्राथमिक हवा, आणि ती मुद्दामच मोजकी ठेवलेली असते, म्हणजे लाकूड भडकून न पेटता त्यातून वायू निघत राहतो. उरलेली हवा दोन भिंतींमधल्या पोकळीतून वर चढते. आतली भिंत तापलेली असल्याने ती वाटेतच गरम होते, हलकी होऊन आणखी वेगाने वर जाते, आणि आतल्या भिंतीच्या वरच्या काठाजवळच्या छिद्रांच्या रांगेतून ज्वलनकक्षात घुसते. हीच दुय्यम हवा. खालून आलेला जळाऊ वायू आणि बाजूंनी आलेली ही गरम हवा तिथे एकमेकांत मिसळतात.

चूल चांगली तापल्यावर वरून तिरके पाहावे. प्रत्येक छिद्रापाशी एक छोटी ज्योत आतल्या दिशेने जिभेसारखी लवलवताना दिसते आणि जणू त्या छिद्रांतूनच वायू येतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात घरातल्या गॅसच्या शेगडीच्या नेमके उलट घडत असते. शेगडीत छिद्रातून वायू येतो आणि भोवती हवा असते. इथे छिद्रातून हवा येते आणि भोवती वायू असतो. ज्योत दोघांच्या सीमेवर तयार होते, त्यामुळे ती हवेच्या झोतालाच लपेटून बसते. या ज्योती दिसू लागल्या की धूर जवळजवळ नाहीसा होतो. मला या छोट्या उपकरणातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते, कारण एरवी अदृश्य राहणारे रसायनशास्त्र तिथे डोळ्यांना दिसते.

ही रचना समजली की वापरातल्या बऱ्याच चुकांचे कारण आपोआप उलगडते. छिद्रांच्या रांगेच्या वरपर्यंत काटक्या भरल्या, तर दुय्यम हवेची वाट बुजते आणि चूल धुमसू लागते. भांडे ज्योतीच्या फार जवळ आणले, तर त्याच्या थंड बुडावर वायू अर्ध्यातच गारठतात आणि काजळी धरते. फार दूर ठेवले तर उष्णता बाजूने निसटते. उत्पादकांनी वर दिलेली भांडे टेकवायची कडी किंवा पाय याच अंतरासाठी असतात. तरीही काजळी थोडी धरतेच. ती सहज निघावी म्हणून भांड्याच्या बुडाला बाहेरून मातीचा किंवा राखेचा पातळ लेप देण्याची आपल्याकडची जुनी पद्धत इथेही तितकीच उपयोगी पडते.

या चुलीमागचे विचार प्रामुख्याने गरीब घरांतल्या स्वयंपाकघरांतला धूर कमी करण्याच्या प्रयत्नांतून पुढे आले, हे आवर्जून सांगायला हवे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात ‘रॉकेट’ चुलीची तत्त्वे मांडली. तिच्यात काटकोनात वळलेली, उष्णतारोधक ज्वलननळी असते. थॉमस रीड यांनी १९८५च्या सुमारास वरून पेटवायच्या वायुनिर्मिती चुलीची कल्पना मांडली, आणि नॉर्वेचे पाल वेंडेलबो स्वतंत्रपणे तशाच चुलीपर्यंत पोहोचले. तिच्यात इंधन आधीच भरून ते वरच्या बाजूने पेटवतात. आगीचा थर हळूहळू खाली सरकतो, खालून निघणारा वायू वरच्या तप्त कोळशाच्या थरातून जातो आणि त्याच्या वर जळतो. भटकंतीच्या चुलीतही पहिली भरती अशी वरून पेटवावी. खालून पेटवलेल्या चुलीपेक्षा सुरुवातीचा धूर स्पष्टपणे कमी होतो. काही चुलींना छोटा पंखा असतो आणि त्यांपैकी काही जातींत पंख्याची वीज चुलीच्या उष्णतेतूनच मिळते. दोन भिन्न वाहकांच्या सांध्यांच्या तापमानात फरक असला की विद्युतदाब निर्माण होतो, हे टॉमस सीबेक यांना १८२१मध्ये आढळलेले तत्त्व त्यामागे आहे. सोय चांगली आहे, पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. साधी, पंख्याविना चालणारी चूल बहुतेकांना पुरते.

चुलीपेक्षाही अधिक फरक पडतो तो लाकडाच्या कोरडेपणाने. नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडात वजनाच्या निम्मे पाणी असू शकते. असे एक किलो लाकूड घेतले, तर त्यात कोरडे लाकूड अर्धाच किलो असते. त्याची ऊर्जा सुमारे ९ मेगाज्यूल, आणि उरलेल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करायला साधारण सव्वा मेगाज्यूल खर्ची पडतात. म्हणजे हिशेबाने तोटा सातव्या हिश्श्याचाच दिसतो आणि ओले लाकूड इतके कसे छळते, असा प्रश्न पडतो. उत्तर तापमानात आहे. ही वाफ वायूंमध्ये मिसळून ज्योत गार करते, ज्वलनाला लागणारी पातळी गाठली जात नाही, आणि उरलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा धूर होऊन निघून जातो.

कोरडी काटकी वाकवताच कट्‌कन मोडते. ओली वाकते आणि तिच्या साली लोंबत राहतात. सह्याद्रीत पावसाळ्यात जमिनीवर पडलेल्या फांद्या चिखलाचे पाणी शोषून घेतात, त्यापेक्षा झाडावरच वाळून अडकलेल्या फांद्या बऱ्या. त्या वरून भिजलेल्या असल्या तरी उभ्या चिरल्यावर गाभा बहुधा कोरडा निघतो. चुलीला पेन्सिलीच्या किंवा फार तर अंगठ्याच्या जाडीच्या, बोटभर लांबीच्या काटक्याच लागतात. बारीक काटकीचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, म्हणून ती लवकर तापते आणि वायू लवकर सोडते. बाभूळ आणि धावडा यांचे जड लाकूड जास्त वेळ टिकते, पांगारा आणि सावर यांचे हलके लाकूड भुर्रकन जळून जाते. बांबू फोडल्याशिवाय टाकू नये. पेरातली कोंडलेली हवा आणि वाफ तापून तो स्फोटासारखा फुटतो. कण्हेर, शेर आणि बिब्बा यांची लाकडे मात्र कोणत्याही कारणाने जाळू नयेत, कारण त्यांच्यातली द्रव्ये विषारी किंवा त्वचेला व डोळ्यांना पोळणारी आहेत.

आता स्वयंपाकाचा हिशेब. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल ऊर्जा लागते. हवेत वाळलेल्या लाकडातून किलोमागे १५ मेगाज्यूल मिळतात असे धरले आणि ती सगळी ऊर्जा पाण्यात गेली असती, तर २१ ग्रॅम लाकूड पुरले असते. उघड्या चुलीला याच कामासाठी १४० ते २१० ग्रॅम लागते. भटकंतीच्या चुलीने पाव हिस्सा ऊर्जा भांड्यापर्यंत पोहोचवली, तर ८० ते ८५ ग्रॅममध्ये, म्हणजे ओंजळभर काटक्यांत, काम होते. माझ्या मते या चुलीचा खरा लाभ हाच आहे. तिला कुऱ्हाड लागत नाही आणि झाडाची जिवंत फांदी तोडण्याचे कारणच उरत नाही.

उकळी आल्यानंतरचा जाळ बहुतेकजण अनावश्यक मोठा ठेवतात. खदखदणाऱ्या आणि मंद उकळणाऱ्या पाण्याचे तापमान एकच असते, त्यामुळे मोठ्या जाळावर भात लवकर शिजत नाही, फक्त पाणी आटते. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला ते उकळीला आणण्याच्या सातपट ऊर्जा लागते, आणि झाकण नसेल तर ती ऊर्जा हवेत जाते. म्हणून उकळी येताच झाकण ठेवून एकेक काटकी सरकवत राहावे. खिचडीसाठी तांदूळ आणि मूगडाळ आधी तासभर भिजवली, तर इंधन आणि वेळ दोन्ही वाचतात. उंचीचाही परिणाम होतो. साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो, त्यामुळे १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर पाणी ९४ ते ९५ अंशांनाच उकळते आणि तूरडाळ शिजवणे बरेच लांबते.

शेवटी उरतो कोळसा. लाकडाच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा त्यात असतो आणि वायू आधीच निघून गेल्याने तो धुराविना जळतो. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याचे तंत्र याच गुणावर उभे केले आणि त्यासाठी २००२मध्ये तिला ॲशडेन पुरस्कार मिळाला. पण धूर नाही म्हणून निखारे निरुपद्रवी समजू नयेत. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट जोडला जातो. थंडी कितीही असो, पेटलेली किंवा निखारे असलेली चूल तंबूत घेऊ नये.

आणि चूल कितीही चांगली असली, तरी तिच्यात आग आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यांनी राखीव वनात आणि अभयारण्यात आग पेटवण्यावर निर्बंध घातले आहेत, म्हणून वनखात्याच्या परवानगीविना तिथे ती पेटवू नये. गडांवर तटबंदीच्या आडोशाला पेटवलेल्या चुलींनी शेकडो वर्षांच्या दगडांवर काजळीचे ओघळ उतरलेले पाहून वाईट वाटते. तिथे थंड शिदोरी न्यावी. परवानगी असलेल्या जागीही पालापाचोळा हात-दोन हात बाजूला सारून, कोरड्या सपाट दगडावर चूल ठेवावी, कारण ओला दगड आतल्या पाण्याची वाफ झाल्याने तडकतो. फेब्रुवारी ते मे या काळात वाऱ्याने उडालेली एक ठिणगीही वणव्याला पुरते. निखारे मातीखाली पुरू नयेत, राखेच्या आवरणात ते कित्येक तास जिवंत राहतात. ते शक्य तितके जळू द्यावेत, मग पाणी ओतावे, काडीने ढवळून पुन्हा पाणी ओतावे, आणि राखेत हात घालण्याइतकी ती गार झाल्यावरच चूल पिशवीत भरावी.